डिस्कला पाठवलेली कमांड टाइमआउट झाली (ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही) की ड्रायव्हरने लगेच एरर देऊन बफर (डेटासाठी राखलेली मेमरी) मोकळा केला तर चालते का?

नाही भाऊ, हे अजिबात करू नका. टाइमआउट झाला म्हणजे आपली वाट पाहणं संपलं, डिस्कचं काम संपलं असं नाही नं. तुम्ही बफर मोकळा केला, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) तो दुसऱ्याच कामाला दिला अन मग डिस्क जागी होऊन डीएमएने (प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहायची सोय) त्याच जागी डेटा लिहून गेली, तर मेमरी खराब होते अन असा बग शोधता शोधता माणूस थकून जाते.

म्हणून आधी बघा की काम खरंच अडकलं का फक्त इंटरप्ट (काम झाल्याचा डिस्कचा इशारा) हुकला. लिनक्सचा एनव्हीएमई (वेगवान एसएसडींचा प्रोटोकॉल) ड्रायव्हर हेच करते, आधी कम्प्लीशन क्यू (पूर्ण झालेल्या कमांडची यादी) तपासते, तिथं उत्तर नसलं तर अबॉर्ट (कमांड रद्द करायचा हुकूम) पाठवते, अन तरीही कमांड परत टाइमआउट झाली तर सरळ कंट्रोलर रीसेट. स्कझीत (डिस्क जोडायचा जुना प्रोटोकॉल) पायऱ्या जास्त आहेत, अबॉर्ट, मग डिव्हाइस रीसेट, मग टार्गेट, बस, शेवटी होस्ट रीसेट, अन तेही फसलं तर डिस्क ऑफलाइन. कमांड परत आली किंवा रीसेट पूर्ण झाला, तेव्हाच बफर सोडायचा.

डिफॉल्ट टाइमआउट दोन्हीकडे ३० सेकंदांचा असते. रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठ्यात) साध्या डेस्कटॉप हार्डडिस्क असतील तर तो १८० सेकंद करा, कारण खराब सेक्टर वाचायच्या नादात त्या मिनिटभराच्या वर अडकू शकतात अन कर्नल चांगली डिस्क बाहेर काढते.

अन मे महिन्यात आपल्या नागपुरात सर्व्हर रूमचा कूलर बंद असेल तर आधी एसएसडीचं तापमान पाहा, तापली की ती स्वतःच हळू होते, अन कमांडला उशीर होते.