मालिका पाहिल्याने आपले कथालेखन बिघडते का?

तुमचा प्रश्न असा आहे की, घरात रोज संध्याकाळी मराठी मालिका चालू असतात, इच्छा असो वा नसो त्या कानावर पडतात, आणि कथा लिहायला बसल्यावर तुमची पात्रे नेमकी त्या मालिकांतल्यासारखी बोलू लागतात. तर लेखन सुधारण्यासाठी मालिका पाहणे बंद करावे का? मी हौसेने कथा लिहिते, त्यांतल्या काही दिवाळी अंकांत छापूनही आल्या आहेत, आणि आमच्या घरातही सात वाजले की दूरचित्रवाणी संच सुरू होतो. माझे मत असे आहे की, बंद करण्याची काही गरज नाही. मात्र मालिकेतला संवाद तसा का असतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यामागे लेखकाचा आळस किंवा अज्ञान नसून फार व्यवहारी कारण असते.

ते कारण मला आमच्या स्वयंपाकघरात सापडले. संच दिवाणखान्यात आहे आणि मालिकेच्या वेळी सासूबाई ओट्यापाशी पोळ्या लाटत असतात, म्हणजे त्यांची पाठ संचाकडे आणि कान तेवढे मालिकेकडे असतात. आवाज थोडा वाढवलेला असतो, कुकरची शिट्टी झाली की दोनतीन वाक्ये बुडतात, तरी त्यांचा धागा कधी तुटत नाही. “आता हिला कळणार बघ,” असे त्या तव्यावरची पोळी उलटता उलटता सांगतात आणि तसेच घडते. पार्श्वसंगीताचा तो ठरावीक दणका ऐकू आला की हातात लाटणे घेऊन दारापर्यंत येतात, कोणाचा चेहरा किती पडला आहे ते पाहतात आणि परत जातात. पाहण्यासारखे जे असते ते तेवढेच असते, बाकी सगळे त्यांना ऐकूनच कळलेले असते.

रोजची मालिका या श्रोत्यासाठी लिहिली जाते. म्हणून तिच्यातली माणसे एकमेकांना नावाने इतक्या वेळा हाक मारतात. पाठमोऱ्या बाईला कोण कोणाशी बोलत आहे हे कळायचे तर दुसरा उपाय नाही. म्हणूनच एखादी जाऊ दुसरीला विचारते, “वहिनी, म्हणजे गेल्या महिन्यात बँकेतून काढलेले ते दोन लाख रुपये तुम्ही दादांना न सांगता तुमच्या भावाला दिलेत?” (हे वाक्य मी नमुन्यादाखल रचले आहे, पण तुम्ही ऐकलेले असणार.) बोलणारीला आणि ऐकणारीला यातले सगळे ठाऊक असते, आणि खऱ्या घरात असे कोणी बोलणार नाही; पण कालचा भाग जिचा हळदीकुंकवामुळे चुकला, तिला या एका वाक्यात सगळा हिशेब मिळतो. पूर्वी आठवड्यातून एकदा लागणाऱ्या मालिकेसमोर माणसे कामे आटोपून बसत. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झाल्यानंतरची कितीतरी वर्षे तीच पद्धत होती. मालिका रोजची झाली आणि वर्षानुवर्षे चालू लागली, तेव्हा ती कामांच्या मध्येच ऐकण्याची गोष्ट बनली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 ते 2013 अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. इतका काळ रोज संध्याकाळी हातातले काम टाकून कोण बसणार?

कथेच्या वाचकाची स्थिती याच्या अगदी उलट असते. त्याचे डोळे पानावर असतात, एखादे वाक्य निसटले तर तो मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो आणि त्याला मध्येच कोणी उठवलेले नसेल, तर तो न सांगितलेलेही ओळखतो. त्याच्यापुढे वरचे वाक्य ठेवले तर त्याला आपण बावळट ठरवले गेलो असे वाटते, आणि ते रास्तच आहे. हाच प्रसंग कथेत मी असा लिहीन:

“दादांना माहीत आहे?”

“पोळ्या निवतायत. तुम्ही बसून घ्या आधी.”

इथे पैशांचा उल्लेखही नाही. रक्कम, बँक आणि भाऊ हे सगळे कथेत अन्यत्र येऊ शकते. इथे महत्त्वाचे आहे ते वहिनींनी उत्तर टाळणे, आणि टाळण्यासाठी त्या घरात जे कारण सर्वांत सहज हाताशी असते तेच पुढे करणे. म्हणून संवाद लिहून झाला की मी एक साधे काम करते: ज्या वाक्यांत एक पात्र दुसऱ्याला आधीच माहीत असलेली गोष्ट सांगते, ती वाक्ये खोडते. हाका मारण्यासाठी घातलेली नावेही खोडते, कारण आपल्या घरांत ‘अहो’, ‘अगं’, ‘ऐकलंत का’ यांवर दिवस निघतो आणि पूर्ण नाव उच्चारले गेले की काहीतरी बिनसले आहे असे समजायचे. एवढे खोडल्यावर जे उरते, ते पुष्कळदा पुरेसे असते. नसेल तर अडचण संवादात नसून प्रसंगाच्या मांडणीत आहे, असे मी धरते.

मालिकेकडून घेण्यासारखे काहीच नसते असे मात्र मला म्हणायचे नाही. कुठे थांबावे, हे मालिकेला चांगले कळते. हप्त्याहप्त्याने गोष्ट सांगण्याची ही रीत मराठीत जुनीच आहे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातच क्रमशः छापली. तिची नायिका यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते, घरगुती बोलीत सांगते, आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहतो. त्यामुळे ‘क्रमशः’ म्हटले की नाक मुरडणाऱ्यांचे मला थोडे नवल वाटते.

आणखी एक गोष्ट. मालिका ऐकत असाल तर जाहिराती लागल्यावर उठून जाऊ नका. त्या दोनतीन मिनिटांत घरातली माणसे जे बोलतात, ते लेखकाच्या फार उपयोगाचे असते. एकदा खलनायिकेच्या पैठणीवर सासूबाई म्हणाल्या, “घरात कुणी नेसतं का असलं? पण पदर काय बसलाय!” आणि त्याच दमात, “आमच्या जाऊबाईंनी पण असंच गोड बोलून माझ्या पाटल्या मोडल्या होत्या.” तोवर आम्हा कोणालाच ही हकीकत ठाऊक नव्हती. जाहिराती संपल्या तशा त्या गप्प झाल्या. त्यांच्या बोलण्यात नावे नव्हती, साल नव्हते, स्पष्टीकरण नव्हते, आणि तरी मला ते पडद्यावर चाललेल्या कारस्थानापेक्षा अधिक खरे वाटले. तुमच्या पात्रांनी कसे बोलावे याचा नमुना हवा असेल, तर तो इथे आहे.

तुम्हाला पुढेमागे मालिकाच लिहायच्या असतील, तर मात्र यातला बराचसा सल्ला बाजूला ठेवावा लागेल. तिथे कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही कामे अनेकदा वेगवेगळी माणसे करतात, अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटे हाती उरतात, आणि संवाद लिहिणाऱ्याला मी वर खोडायला सांगितलेली वाक्येच पुन्हा, निराळ्या शब्दांत, रोज लिहावी लागतात.