बेरेझ्निकीचा अभ्यास करताना

सप्रेम आशीर्वाद.

बेरेझ्निकीचा औद्योगिक इतिहास लिहायला घेतला आहेस, पण सुरुवात कारखान्यांपासून करू नकोस. आधी जमिनीचा उभा छेद काढ. वर पाणी धरणारे खडक, मध्ये पाणी अडवणारा थर, आणि त्याखाली, दोन-चारशे मीटर खोलीवर, मीठ आणि पोटॅश, म्हणजे खतासाठी लागणारे पोटॅशियमचे क्षार. रशियात उरल पर्वताच्या पश्चिमेला, कामा नदीकाठच्या या शहराचं सगळं अर्थकारण त्या मधल्या थराच्या भरवशावर चालतं.

सनावळी थोडक्यात आटप. या भागात 15व्या शतकापासून खारं पाणी उपसून मीठ काढत. 1883 मध्ये सोड्याचा कारखाना आला, 1925 मध्ये जवळच्या सोलिकाम्स्कला बोअरमध्ये पोटॅश लागलं, 1932 मध्ये बेरेझ्निकी शहर झालं. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या बांधकामावर विशेरा या सोव्हिएत सक्तमजुरी छावणीतले कैदी राबले. ही गोष्ट तळटीपेत ढकलू नकोस. कारखान्याच्या खर्चाचा हिशेब त्यांच्या श्रमाशिवाय पुराच होत नाही.

1954 मध्ये इथली पहिली पोटॅश खाण सुरू झाली. खाणीत दालनं कोरतात आणि छत पेलायला मध्ये खांब सोडतात. खांबही पोटॅशचेच, म्हणजे सोडलेला प्रत्येक खांब हा न विकलेला माल. खांब किती जाड ठेवायचे, या प्रश्नावर नफा आणि वरच्या घरांची सुरक्षितता समोरासमोर येतात. तुझ्या लिखाणाचा गाभा हाच असू दे.

आता पाण्याचं गणित. एक लिटर गोडं पाणी साधारण 360 ग्रॅम मीठ विरघळवतं. म्हणजे सहा घनमीटर पाणी शिरलं की मिठात सुमारे एक घनमीटर पोकळी पडते. कोळशाच्या खाणीत पंप लावून तग धरता येतो. इथे आत येणारं पाणी स्वतःची वाट रुंद करत येतं, त्यामुळे गळती एकदा वाढली की उपसा मागे पडतो. शिरलेलं पाणी मिठाने आधीच संपृक्त असेल तर ते सैंधव फारसं खात नाही, म्हणून गळतीच्या नोंदींत लिटरांइतकीच क्षारता बघ. 1986 मध्ये तिसरी खाण बुडाली आणि त्याच जुलैत वरचं जंगल खचलं. ऑक्टोबर 2006 मध्ये पहिली खाण बुडाली. तिच्यावर शहराचा काही भाग होता. जुलै 2007 मध्ये तिथे मोठं विवर पडलं. पुढे लोकांना हलवावं लागलं, सोलिकाम्स्कची रेल्वे याइवा या गावाकडून वळवावी लागली. खाण बुडाल्याचा खर्च मांडताना हे स्थलांतर आणि हा रूळमार्ग धरायला विसरू नकोस.

रिकाम्या दालनांत टाकाऊ मीठ परत भरणं हा यावरचा मुख्य उपाय. मीठ भरपूर असतं, कारण कच्च्या खडकात पोटॅशियम क्लोराइड साधारण पाव भागच असतं आणि उरलेलं बहुतेक मीठच. पण भराईला पैसा लागतो, आणि ती खोदकामाच्या मागे रेंगाळते. दरवर्षी किती खोदलं आणि किती भरलं, हे दोन आकडे शेजारी मांड.

शेवटी, एकक तपासल्याशिवाय आकडा उतरवू नकोस. काही तक्ते पोटॅशियम क्लोराइडमध्ये असतात, काही पोटॅशियम ऑक्साइडमध्ये. पहिल्याला 0.63 ने गुणलं की दुसरा मिळतो. आपल्याकडे उसाला, केळीला टाकतात त्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीवरचा 60 टक्के हा आकडा ऑक्साइडचाच आहे. भारत हे खत जवळजवळ सगळंच आयात करतो, रशियातूनही. आयातीचा तक्ता मालाच्या टनांत आणि उत्पादनाचा ऑक्साइडमध्ये घेतलास, तर बेरीज कधीच जुळणार नाही.