एन. राजम यांचं व्हायोलिन 'गातं' म्हणजे नेमकं काय? त्यांच्या वादनात झाल्याचा धडाका का नसतो?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. (झाला म्हणजे वादनाच्या शेवटी येणारा, तारा भराभर छेडत जाणारा वेगवान भाग.) "धडाका का नसतो" हे मी आमच्या घरात पंचवीस वर्षं ऐकते आहे. माझा दादा सतार वाजवतो.

आधी पहिल्या भागाचं थोडक्यात. व्हायोलिनला पडदे नाहीत, म्हणून गळ्यातून निघणारी कुठलीही जागा त्यावर काढता येते. पण ती काढायची तर बोट उचलून पुढच्या स्वरावर ठेवून चालत नाही. एकाच तारेवर एकच बोट घसरत न्यावं लागतं आणि वाटेतल्या श्रुतीसुद्धा (दोन स्वरांमधल्या बारीक जागा) सुरात लागाव्या लागतात. राजमबाई मूळच्या कर्नाटक संगीतातल्या. जन्म १९३८चा, पहिले धडे वडिलांकडे. त्यामुळे बैठकही तीच: मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, दुसरं टोक छाती-खांद्याशी. वाद्य पेलायचं काम डाव्या हाताकडे उरत नाही आणि तो खर्जापासून तारसप्तकापर्यंत मोकळा फिरतो. पुढे पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे त्या ख्याल शिकल्या, म्हणजे एका गवयाकडे. सगळं त्यातच आलं.

बहुतेक लोक डाव्या हाताकडे बघत बसतात. माझ्या मते त्यांचं खरं तंत्र उजव्या हातात आहे, गजात (तारांवर फिरवायच्या 'बो'त). गज म्हणजे गवयाचा दम. बंदिशीतलं अक्षर जिथे पडतं तिथे गजाला किंचित दाब, पुढे आकार (शब्द संपून 'आ'वर लांबवलेला सूर) सुरू झाला की दाब विरघळलेला. म्हणून बंदिश माहीत असलेल्या माणसाला शब्द ऐकू येतात.

हे मला कसं कळलं ते सांगते. मी अठरा वर्षांची होते. आमचे सर राजमबाईंच्या दरबारी रागाची कॅसेट लावायचे आणि आधी मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) गायला लावायचे. वहीत बंदिश लिहून प्रत्येक अक्षराखाली गज कुठे वळला त्याची खूण करायची. मग फक्त षड्ज, म्हणजे सा. सोळा मात्रांचा एक गज, आणि वळताना वळल्याचं कळता कामा नये. सर माझ्याकडे पाठ करून बसायचे आणि गज वळलेला ऐकू आला की चटईवर बोट आपटायचे. पहिल्या दिवशी एकही वळण सुटलं नाही, टक, टक, टक. रोझिन (गजाला लावायची राळ) जास्त लावून बघितलं, कमी लावून बघितलं. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी मी सलग चार वेळा गज वळवला आणि बोट वाजलं नाही. सरांना झोप लागली असावी असं वाटून मी थांबले, तर ते तसेच पाठमोरे म्हणाले, "थांबलीस का?"

त्याच वर्षी एका स्पर्धेत मी दरबारी वाजवला. वीस मिनिटं मिळाली होती, त्यातली पंधरा विलंबितात, म्हणजे संथ लयीत गेली. कोमल गंधाराचं आंदोलन एका गजात, धैवताकडून खाली येणारं सूत (स्वरावरून स्वरावर घसरणं), जे जमलं ते मनापासून केलं. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "नुसतं रडवलंत व्हायोलिन. झाला कुठाय?" घरी आल्यावर दादाही त्यांच्याच बाजूने. "गायचंच असेल तर गा की, वाद्य कशाला हातात घेतेस?"

त्याला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, ते इथे देते. झाला जन्मला तो छेडून वाजणाऱ्या तारेसाठी. सतारीचा स्वर आघातानंतर विरत जातो, म्हणून चिकारीने (बाजूच्या, लय धरणाऱ्या तारांनी) तो भरून काढावा लागतो. गजाच्या वाद्याला ही अडचणच नाही. ज्याची आस (स्वराची लांबण) संपत नाही त्याने विरणाऱ्या स्वराचे उपाय उसने का घ्यायचे? बरं, तयारी नाही असंही नाही. राजमबाईंचा द्रुत, म्हणजे जलद भाग शेवटपर्यंत ऐका, ताना इतक्या दाणेदार येतात की प्रत्येक स्वर वेगळा मोजता येतो. विलंबितातच बंद करणाऱ्यांना ते कसं कळणार?

गायकी अंग, म्हणजे वाद्य गळ्यासारखं वाजवणं, त्यांनीच सुरू केलं असं सर्रास लिहितात, ते मात्र मला पटत नाही. आपल्याकडे गजाननबुवा जोशी स्वतः गवई होते आणि व्हायोलिनही वाजवायचे. श्रीधर पार्सेकर होते, डी. के. दातार होते. राजमबाईंनी त्याची शिस्त बांधली आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात अनेक वर्षं शिकवून ती पुढच्यांच्या हाती दिली. मुलगी संगीता शंकर, भाची कला रामनाथ, नाती रागिणी आणि नंदिनी यांचं वादन ऐकलंत की वारसा काय ते दिसेल.

आणि हो, लयकारीच्या, म्हणजे लयीच्या खेळावर उभ्या असलेल्या वादनाला मी कमी लेखत नाही. व्हायोलिनवादक पं. व्ही. जी. जोग बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर वाजवत ते ऐकलं की आजही माझा हात मांडीवर ताल धरतो. ती वेगळी वाट आहे आणि जोगसाहेबांना ती शोभते. दादाला मी हे मागेही सांगितलं होतं, त्याने तेवढंच लक्षात ठेवलं.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर ओंकारनाथांचा मालकंस राग आधी ऐका, दुसऱ्या दिवशी राजमबाईंचा. हेडफोन लावून, आणि गज कुठे वळतो ते शोधत. सापडला तर मला मिनिट-सेकंदासकट खाली लिहून कळवा, मी कॅसेटवर पडताळून बघेन.