अभयारण्यातला निरीक्षण मनोरा पूर्ण बांबूचा करावा का, आणि किती उंच असावा?

तुम्ही लिहिलंय की गावच्या तलावाकाठी, अभयारण्याच्या हद्दीत, १२ मीटर उंचीचा संपूर्ण बांबूचा मनोरा करायचं घाटतंय, तो पर्यावरणपूरक आणि टिकाऊ हवाय, आणि आराखडा तुमच्याकडे आलाय. माझं स्पष्ट मत सांगतो. उंची निम्म्याच्या खाली आणा आणि मुख्य खांब बांबूचे करू नका.

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला, व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. आमच्याकडच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात शाळेत असल्यापासून जातोय. गोदावरी-कादवा संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि गाळाची बेटं तयार झाली, आणि पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. तिथल्या काठावर बसून एक गोष्ट पक्की कळली. पाण्यावर भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला की वारकरी (काळे पाणपक्षी, इंग्रजीत कूट) आणि बदकं एकदम एका बाजूला सरकतात. मोकळ्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर उंचावर हलणाऱ्या माणसाच्या आकृतीलाही ती तशीच बिचकतात. म्हणजे मनोरा जितका उंच आणि उघडा, तितके पक्षी लांब. मग लोक म्हणतात, अजून उंच करा!

उंची कशासाठी हवी, ते आधी ठरवा. जंगलात वणवा बघायचा मनोरा झाडांच्या शेंड्यांवर जायलाच हवा. पाणथळीवर मात्र फक्त पाणकणसांच्या वरून नजर जायला हवी, आणि ती वाढतात दोन-तीन मीटर. चार मीटरवर फळी टाकली तर उभ्या माणसाचे डोळे साडेपाच मीटरवर येतात. तेवढं पुरतं. जागा तलावाच्या पूर्व काठाला बघा, म्हणजे सकाळी ऊन पाठीशी राहतं आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. पाण्याच्या बाजूला खालपासून वरपर्यंत कुडाची भिंत घ्या. तिला बघायच्या फटी तीन उंचींवर ठेवा, उभ्या माणसासाठी, बसलेल्यासाठी आणि लहान मुलांसाठी. जिना मागच्या बाजूला, पायऱ्या लाकडी. लोखंडी पत्र्याच्या पायरीवर बूट वाजला की पाण्यापलीकडे ऐकू जातं. मनोऱ्यापर्यंतच्या पायवाटेलाही कूड हवा; तो बहुतेक आराखड्यांत विसरलेलाच असतो.

आता बांबू. मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच सांगतो. एका ठिकाणी पाच वर्षांपूर्वी झालेला बांबूचा मनोरा तपासायला मला बोलावलं होतं. लांबून छान दिसत होता. खांबाच्या बुडाशी पिवळसर भुशाची छोटी रास होती. बोटाने ठोकलं तर पोकळ, कोरडा आवाज आला, आणि अंगठा दाबला तर आत गेला. भुंगेऱ्याने आतून पोखरलं होतं आणि वरून जळकं ऑइल फासलेलं होतं. पावसाळ्यात त्यातलं काही पाण्यात उतरलंच असणार. पाणथळीजवळ जळकं ऑइल नको, हे कंत्राटाच्या कागदात लिहूनच घ्या.

बांबू तीन वर्षांहून जुना घ्या आणि थंडीत तोडलेला घ्या. जुनी माणसं अंधाऱ्या पक्षात तोडायला सांगतात. थंडीत त्यातलं पिठूळ सत्त्व कमी असतं, आणि भुंगेऱ्याला तेच हवं असतं. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, गाठींचे आतले पडदे गजाने फोडून, म्हणजे पाणी शेवटपर्यंत पोचतं. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, त्याला जास्त दिवस लागतात. पण बोरॅक्सचे हे क्षार पावसाने धुऊन जातात. म्हणून बांबू छपराखालीच हवा आणि वळचण निदान एक मीटर बाहेर. उघड्यावरच्या खांबाला ही प्रक्रिया पुरत नाही, आणि माणसांचा जीव ज्याच्यावर तोललाय तो खांब मी तरी ‘पोखरला जाणार नाही’ या भरवशावर सोडणार नाही.

म्हणून खांब आणि तिरपे ताण गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) लोखंडाचे करा, जागेवर वेल्डिंग न करता सगळे बोल्टने जोडलेले. कारखान्यात तयार करून आणायचे, उद्या जागा बदलावी लागली तर खोलून न्यायचे. कूड, कठडा आणि छपराचा सांगाडा बांबूचा. बोल्टचं भोक गाठीजवळच पाडा. मधल्या पोकळ पेरात आवळलं की बांबू उभा चिरतो.

वजनाचा हिशेब कठोरपणे करा. गर्दीच्या जागेसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो धरतात. तीन बाय चार मीटरची माचीसुद्धा सहा टनांचा भार मागते. ‘एका वेळी दहा जण’ ही पाटी रविवारी कुणी वाचत नाही, म्हणून माचीच लहान ठेवा. वाऱ्यासाठी नाशिक भागात मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. छप्पर खाली दाबण्यापेक्षा वर उचललं जाण्याची भीती जास्त, तेव्हा ते खांबांना बोल्टने बांधा.

तुमच्याकडे काळी माती असेल तर साधा पाया चालणार नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून खांब वर ढकलते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरणारा पायाचा खांब, विकसित केली. साडेतीन मीटरच्या आसपास, माती फार हालत नाही तिथवर ती जाते. सिमेंट लागतंच, पण फक्त तेवढ्यात. बाकी जमीन मोकळी सोडा.

दिवे, सोलर पॅनल, खाण्याची टपरी यातलं काही नको. सूर्यास्तानंतर तिथे कुणी थांबणारच नाही. काम एप्रिल-मेमध्ये उरका, पाहुणे पक्षी गेलेले असतात.

आमच्या शेतात ज्वारी राखायला चार मेढींचं मचाण असायचं. दरवर्षी सुगीनंतर सोडायचं, सडलेली मेढ बदलायची, पुन्हा बांधायचं. तुमच्या मनोऱ्याचा कूड आणि छप्परही गावातल्या सुताराला आणि बुरुडाला बदलता यावं असंच काढा. त्याची मजुरी पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, नंतर कुणी देत नाही.

आणि रेघ मारण्याआधी एक करा. वन्यजीव विभागाची परवानगी घेऊन ठरलेल्या जागी भाड्याची लोखंडी परांची चार मीटर उभी करा, पुढे गोणपाट लावा आणि तीन सकाळी उजाडायच्या आधी जाऊन बसा. वारकरी अर्ध्या तासात परत चरायला आले तर जागा बरोबर आहे. नाही आले तर वीस पावलं मागे सरका आणि पुन्हा बसा.