सर्दी-फ्लूवर गोळ्या न घेता घरगुती उपाय कोणते? मुलांना वाफ किती वेळा द्यावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. गोळ्या न घेता सर्दी-फ्लूतून लवकर कसं उठायचं, आणि पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून किती वेळा वाफ द्यायची. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. शून्य वेळा.

माझं कराडात मेडिकलचं दुकान आहे. २२ वर्षं काउंटरला उभा आहे. आता तुम्ही म्हणाल, हा गोळ्या विकणारा, हा वाफेच्या विरोधातच बोलणार. हेच मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या थोरल्या साडूंकडून, त्यांच्याच घरी, चिपळूणला, २०१६ च्या गणपतीत.

दरवर्षी आम्ही कुंभार्ली घाट उतरून त्यांच्याकडे गणपतीला जायचो. त्या वर्षी पाऊस असा लागला होता की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओलेच. घरात पंधरा-सोळा माणसं. एका पोराचं नाक सकाळी गळायला लागलं की संध्याकाळपर्यंत सगळी पोरं शिंकतायत. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. नाक चोंदलेलं, रात्री तोंड उघडं टाकून झोपायची, पण ताप नाही, खेळत होती, मोदक खात होती. मी म्हटलं, राहू दे, जाईल चार दिवसांत. साडू म्हणाले, “काय केमिस्ट, दुकानात जे विकायला नाही ते सगळं खोटं, होय ना?” मला ते नावाने कधीच हाक मारत नाहीत, केमिस्टच म्हणतात. सगळे हसले. मीही हसलो. सणाच्या दिवशी, बायकोच्या माणसांत, थोरल्या साडूशी हुज्जत कोण घालणार?

आरती झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने टोप चढवला. भाताचा मोठा टोप, बिनकानाचा, सांडशीने धरायचा. पाणी खळखळ उकळलेलं. खाटेसमोर एक लाकडी स्टूल होतं, ते डुगडुगायचं म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. ते स्टूल मी पाहिलं होतं. पुठ्ठ्याची घडीही पाहिली होती. हे मी आजवर घरात कुणाला बोललो नाही, इथे लिहितोय.

पोर खाटेच्या कडेला, पाय स्टुलाच्या दोन बाजूंना, डोक्यावरून सोलापुरी चादर. साडूंनी नीलगिरीचं तेल टाकलं. लोक दोन थेंब म्हणतात, ह्यांनी चांगले सात-आठ टाकले. उकळत्या पाण्यात नीलगिरी पडली की तिचा भपका एकदम वर येतो, आणि नाकात जायच्या आधी तो डोळ्यांना झोंबतो. चादरीखालून “काका, डोळे” एवढंच ऐकू आलं. तिने डोळे चोळायला हात वर घेतले आणि गुडघा स्टुलाला लागला.

सगळं पाणी डाव्या मांडीवर, फ्रॉकसकट.

मी तिला उचलून न्हाणीघरात नेलं आणि तांब्याने गार पाणी ओतायला लागलो. वीस मिनिटं ओतायचं हे मला माहीत होतं. पाच मिनिटं झाली नसतील तोवर मेहुणी टूथपेस्टची ट्यूब घेऊन आली, आणि मी “नको, नको” म्हणेपर्यंत अर्ध्या जागेवर फासूनही झाली. दवाखान्यात सिस्टरने ती पेस्ट सलाइनच्या बोळ्यांनी पुसून काढली, तेव्हा पोर जेवढी ओरडली तेवढी भाजतानाही ओरडली नव्हती. मग दिवसाआड ड्रेसिंग, सोळा दिवस. गौरी आल्या-गेल्या, आम्ही बाकड्यावर नंबर लावून बसलेलो.

आणि सर्दी? ती कधी गेली ते कुणालाच आठवत नाही. चौथ्या दिवशी गेली की सहाव्या, कुणी बघितलंच नाही. ना कुणी काढा दिला, ना छातीला काही चोळलं, कारण सगळे मांडीकडे बघत होते. ती आपली आली तशी निघून गेली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे. सर्दी करणारे विषाणू २०० च्या वर आहेत. सात ते दहा दिवसांत शरीरच त्यांचा निकाल लावतं. खोकला तेवढा मागे रेंगाळतो, कधी कधी दोन-तीन आठवडे. त्याच्या आधी सर्दी संपवेल असं ना माझ्या कपाटात काही आहे, ना तुमच्या परसात. पाचव्या दिवशी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. तुळस असेल तर तुळशीला, अझिथ्रोमायसिन असेल तर अझिथ्रोमायसिनला. “तो तीन गोळ्यांचा पत्ता द्या, पाचशेचा” म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. ती गोळी जिवाणूंवरची. सर्दीच्या विषाणूला त्या पत्त्याचा पत्ताही नसतो. चिठ्ठी आणा म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात.

म्हणजे मी गोळ्यांची वकिली करतोय असं समजू नका. लहान मुलांच्या सर्दीच्या औषधांबद्दल तर माझं मत काउंटरवरही बोलून दाखवतो. क्लोरफेनिरामीन आणि फिनायलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. त्याआधी वर्षानुवर्षं तीच औषधं बाटल्यांनी खपत होती, माझ्याकडूनही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लहान लहान मुलं खोकल्याच्या भेसळीच्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यातल्या कित्येकांनी नागपूरच्या दवाखान्यांत शेवटचा श्वास घेतला. ते पेपरात वाचलं त्या दिवशी मी कपाटातल्या सगळ्या सिरपच्या बाटल्यांचे बॅच नंबर तपासत रात्री अकरापर्यंत दुकानात बसलो होतो.

मग घरचं काय करायचं? आराम वाटेल ते करा, बरं व्हायची घाई सोडा. घसा खवखवत असेल तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. रात्रीच्या खोकल्याला झोपताना चमचाभर मध, हा एक घरगुती उपाय अभ्यासांतही बऱ्यापैकी टिकलाय. मुलाचं नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब, माझ्याकडच्या सगळ्यांत स्वस्त मालांपैकी एक आणि कुणी मागत नाही. गवती चहा, आलं, सुंठ, सगळं चालेल, काम गरम पाणीच करतं. कुळथाचं कढण, मऊ भात आणि मेतकूट, खाणारे असाल तर खेकड्याचा झणझणीत रस्सा. रस्स्याने नाकातून धार लागते आणि दहा मिनिटं स्वर्ग दिसतो. ओव्याची पुरचुंडी शेकायला ठीक, पण तव्यावरून उचलली की आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. क जीवनसत्त्वाच्या नारिंगी गोळ्या सर्दी झाल्यावर चघळून काही उपयोग नाही. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी कमी टिकते म्हणतात, ती थोडी म्हणजे अर्धा दिवस. चमचाभर ब्रँडी पाजणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

आणि काढ्याचा अतिरेक नको. २०२० मध्ये तुळस, दालचिनी, सुंठ, मिऱ्यांचा काढा घरोघरी उकळत होता. सरकारने दिवसातून एक-दोनदा सांगितला, लोक ग्लासांनी ढोसत होते. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे तोंड आल्याची जेल आणि ॲसिडिटीची सिरपं जेवढी गेली, तेवढी आधी कधी गेली नव्हती.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, वाफेची लाट आली. साडूंनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, दिवसातून पाच वेळा वाफ घ्या, विषाणू नाकातच मरतो. पाच वर्षं माझी बायको त्यांना एका शब्दाने बोलली नव्हती. तिने खाली एवढंच लिहिलं, “भावोजी, कुठल्या स्टुलावर?” दोन मिनिटांत मेसेज पुसला गेला.

वाफेने नाक मोकळं वाटतं, ते मी नाकारत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा चोंदतं आणि सर्दीचा एक दिवसही कमी होत नाही. मोठ्या माणसाला हवीच असेल तर भांडं जमिनीवर ठेवा, लेकरं खोलीबाहेर काढा. त्यापेक्षा न्हाणीघराचं दार लावून कढत पाण्याने आंघोळ करा, तीच वाफ.

आता फ्लू. सर्दी आणि फ्लू एकाच दमात विचारता, तिथेच चुकतं. सर्दी दबकत येते, आधी घसा, मग नाक. फ्लू दार तोडून येतो. गेल्या जानेवारीत साडूंचा फोन आला. दुपारी मागच्या पडवीत सुपारी सोलत बसले होते, दिवेलागणीला अंथरुणातून उठवेना, ताप १०२, हाडं मोडून आलेली. म्हणाले, “केमिस्ट, घरात काढा केलाय, अजून काय घेऊ?” वय ६७, १५ वर्षांची शुगर. मी म्हटलं, दादा, आज रात्रीच डॉक्टरकडे जा, सकाळवर टाकू नका. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर खरं उपयोगी पडतं, आणि शुगरवाल्याने काढ्याच्या भरवशावर थांबायचं नसतं. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीच्या रांगा होत्या आणि गल्लोगल्ली लोक कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत होते. पुरचुंडीने फ्लू थांबला नाही.

साडू गेले, गोळ्या सुरू झाल्या, आठ दिवस पडून राहिले, उठले. आता येईल त्याला सांगतात की कुळथाच्या कढणाने उठलो. मी काही बोलत नाही. कढण चांगलंच असतं.

फ्लूचा ताप चढलाय, अंग ठणकतंय, तर पॅरासिटामॉल घ्या. ती झाडाला लागत नाही म्हणून वाईट ठरत नाही. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना, गरोदर बाईला, दमा-शुगर-हृदयाचा त्रास असणाऱ्यांना घरगुती उपायांवर सोडू नका. धाप लागली, छातीत दुखलं, मूल पाणी पिईना किंवा भराभरा श्वास घ्यायला लागलं, की उठा आणि दवाखाना गाठा. वर्षातून एकदा मिळणारी फ्लूची लस ह्या लोकांनी तरी घ्यावी. मी घेतो.

साडू इथली उत्तरं वाचतात, मला माहीत आहे. दादा, मुलगी आता दहावीला आहे. तुम्ही अजूनही पाहुण्यांना सांगता की पोर हलली म्हणून सांडलं. ती हलली नाही. तिच्या डोळ्यांत नीलगिरी गेली. आणि स्टूल डुगडुगतं हे तुम्हालाही माहीत होतं, मलाही.

लिहायचं राहिलं. वर मध म्हटलंय तो एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही, बोटाने चाटवायलाही नाही. कापूर मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, पोटात गेला तर आकडी येते. आणि कुणाला भाजलंच तर गार पाण्याची धार, वीस मिनिटं, घड्याळ लावून. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ, काही नको. पाणी ओतताना मध्ये कुणी आलं तर हाताने बाजूला करा, मेहुणी असली तरी.