मंगळवार सोडू नको

बाळा,

फाइलवर 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' (भावना आणि नाती सांभाळणं अवघड करणारा मनाचा आजार) यातला 'बॉर्डरलाइन' शब्द वाचून तू विचारलंस, "काकू, म्हणजे मी आता कायमची अशीच?" सीमाभागातल्या माणसाला आजारसुद्धा सीमेवरचाच, असं मी स्वतःवर कितीदा हसलेय! १९३८ साली स्टर्न नावाच्या डॉक्टरनं न्यूरोसिस (चिंता, उदासीसारखे त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या मधले रुग्ण म्हणून तो शब्द वापरला, तो चिकटला तो चिकटलाच.

कायमची? अमेरिकेत झानारिनी नावाच्या संशोधक बाईंनी या आजाराच्या २९० रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. पण कामधंदा, माणसं, सगळ्यासकट सावरले ते निम्मेच. म्हणून सांगते, थेरपीच्या बाईंकडे जायचा तुझा मंगळवार सोडू नको.

माझा गुरुवार होता. खानापुरातून रेल्वेनं लोंढ्यावरून धारवाड. चार महिन्यांत झोप लागायला लागली. घरचे म्हणाले, बरी झालीस की, आता कशाला खेपा? त्यात डॉक्टरीणबाई दहा दिवस सुट्टीवर गेल्या. आधी सांगून गेल्या होत्या गं! तरी मला वाटलं, टाकलं मला. चिडून परत गेलेच नाही. सहा वर्षं गेली.

तेव्हा इकडे डीबीटीचं, म्हणजे भावना सावरायला शिकवणाऱ्या तुझ्या या बोलण्याच्या उपचाराचं, नाव कुणी ऐकलं नव्हतं. आणि कानडीत भाजी घेता येते, रडता येत नाही. खरंच आहे हे. पण गाडी तर रोज जात होती.

गोळ्यांनी जात नाही म्हणून कुरकुरतेस. या आजारावरची म्हणून खास गोळीच नाही. झोप, उदासी यांच्यासाठी देतात. तरी मनानं बंद करू नको, डॉक्टरांना विचार. मुख्य औषध बोलणं. डीबीटी म्हणजे आठवड्याला एकदा बाईंसमोर, एकदा गटात, साधारण वर्षभर. ती पद्धत बसवणाऱ्या लिनेहानबाई स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात होत्या, २०११ साली त्यांनीच ते जाहीर सांगितलं. आणि तू चौथ्या आठवड्यात म्हणतेस फरक नाही!

एखाद्या रात्री फारच झालं तर मंगळवारची वाट बघू नको. १४४१६ लाव, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, दिवसरात्र चालू असते.

बाईंवर चिडलीयस ना? मग चिडूनच जा, आणि 'मी तुमच्यावर चिडलेय' हे तिथंच म्हण. संध्याकाळी मला फोन कर. काय बोललीस ते विचारणार नाही. गेलीस का, एवढंच विचारीन.

तुझी काकू