अंगणात ऑनिंग लावू का पत्रा?

प्रश्न: ताई, आमचं घर जळगावात, मागचं अंगण पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी चारला फरशीवर पाय ठेववत नाही. गुंडाळायचं ऑनिंग, म्हणजे भिंतीला लावायचं कापडी छत, घ्यावं का पत्रा टाकावा?

उत्तर: भाऊ, पत्रा नकोच, तो तापला की खाली भट्टी होते. ऑनिंगच घ्या, पण पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, म्हणून नुसतं वरचं छत पुरत नाही, पुढच्या कडेला खाली सोडायचा पडदा असेल असं बघा, नाहीतर तिथे ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, म्हणजे शेडनेट, बांधा. कापड ॲक्रिलिकचं घ्या, रंग धाग्यातच असलेलं, ते लवकर विटत नाही. ब्रॅकेट नुसत्या प्लास्टरवर नको, बीममध्येच बसवायला लावा आणि मिस्त्री काम करत असताना स्वतः समोर उभे राहा. वळवाच्या आधी आपल्याकडे कसलं धुळीचं वादळ सुटतं माहितीये ना, आभाळ काळं दिसलं की लगेच गुंडाळायचं, माझ्या बहिणीकडे भुसावळला एकदा उघडंच राहिलं तर ऑनिंगचं कापड धरणारे दोन्ही दांडे पार वाकले, कापड भिंतीला लोंबत होतं. ओलं गुंडाळलं तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, बुरशी धरते. मोगऱ्याची कुंडी असेल तर सावलीबाहेर सरकवा, त्याला ऊन लागतंच.